हंडीतला शेवटचा भात

थकली बाप्पा आता मी. थकल्यावर एक बरं होते, कोणाची भीड राहत नाई. म्हणून सांगते. नाई तं इतके वर्षं तोंड बंदच ठेवलं होतं.

मी शेवंता. आता सारे शेवंताबाई म्हणतात, खाणीच्या रेस्ट हाउसची स्वयंपाकीण म्हणून. पण आधी मी खाणीवर गोटे फोडत होती. हातोडी घ्यायची, गोटा फोडायचा, मँगनीजचा काळा तुकडा एका ढिगात, कामाचा नाई तो दुसऱ्या ढिगात. दिवसभर उन्हात उकिडवं बसायचं. माझा नवरा महागू त्याच खाणीवर छातीच्या दुखण्यानं गेला. मांगं राह्यली मी अन् पोरगी साधना. चाळिशी आली नाई तं माझे गुडघे असे झाले का जमिनीले हात टेकल्याशिवाय उठताच येत नव्हतं.

सदुसष्ट साली खाणीवर जपानी साहेब आला, हायाशी नावाचा. आपला मँगनीज त्याच्या देशात जात होता, तो माल तपासाले आलता. संगं बायको. दोन वर्षं राहाचे होते. रेस्ट हाउसमधल्या दोन खोल्या त्याइले देल्या अन् मले भांडे घासाले ठेवलं. स्वयंपाकाले सुखराम होता, लालबर्ऱ्याचा. मोठा तोऱ्याचा माणूस. माझ्या हातचं धुतलेलं पातेलं तो पुन्हा पाण्यातून काढून घेत होता, तेबी माझ्या डोळ्यांदेखत.

महिनाभरात जपानहून पार्सल आलं. त्यात वाळवलेली मासळी होती, लाकडासारखी टणक, रंध्यावर किसायची. तिचं पाणी उकळून त्यातच सारी भाजी शिजवायची. सुखरामनं एकदा वास घेतला, पिशवी उचलली अन् बसनं गावाले गेला तो गेलाच. साहेबाची बाई रडकुंडीले आली. मले त्या वासाचं काय कौतुक? आमच्या घरी वैनगंगेची सुकट बाराही महिने दोरीले टांगलेली. मी म्हटलं, सरका बाई, दाखवा काय करायचं ते.

तसा माझा हात त्या चुलीले लागला. कागदावर मी भांडेवालीच राह्यली.

बाईनं मले सारं नव्यानं शिकवलं. पहिल्या दिवशी मी भाताची पेज काढाले गेली तं तिनं माझं मनगटच धरलं. त्याईच्यात पेज काढत नाईत. पाणी बोटानं मोजून टाकायचं, झाकण ठेवायचं अन् मंग भाताले हात लावायचा नाई, जीव कितीबी वळवळला तरी. आपल्या इकडं जुन्या तांदळाचा मान, भात मोकळा झाला पाहिजे. तिले पाहिजे चिकट. मी खैरलांजीच्या बाजारातून नव्या हंगामाचा जाडा तांदूळ आणला, जो आपण पाहुण्याले वाढाले लाजतो. तो शिजला अन् तिच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणे, घरच्यासारखा झाला.

मंग जबलपूरहून सोयाबीन आलं. ते भिजवायचं, पाट्यावर वाटायचं, गाळायचं, उकळायचं अन् नासवायचं, मंग पनीरसारखी वडी होते. नासवाले तिच्या देशातलं खारं पाणी लागते, ते कुठून आणाव? शेवटी दवाखान्यातून जुलाबाचं मीठ आणलं. कंपाउंडरनं विचारलं, ए, कोणाचं पोट साफ करून राह्यली? मी म्हटलं, तुमच्या मॅनेजरचं. तो दिवसभर हसत होता.

हिवाळ्यात साहेब खाणीतून गारठून यायचा. खाणीच्या सुताराकडून तिनं एका टेबलाचे पाय कापून घेतले होते. त्या बुटक्या टेबलावर शेगडी, शेगडीवर मातीची हंडी, हंडीत मुळा, गाजर, पालेभाजी, ती वडी, सारं उकळत राहायचं अन् भोवती बसून गरम गरम खायचं. जेवण म्हणजे शेगडीभोवतीची बैठकच. भाज्या सरल्या का उरलेल्या रश्शात भात टाकायचा. साऱ्या भाज्याईचा जीव त्या रश्शात उतरलेला असते, म्हणून तो शेवटचा भात सगळ्यात मोलाचा. बाई मले रोज टेबलाशी बस म्हणे. मी बसत नव्हती. दाराजवळ बसून खात होती. ती मले 'शेवंता-सान' म्हणे. सान म्हणजे आपल्याकडं मानानं बाई म्हणतात तसं. खाणीवर मले तोवर 'ए' च्या पुढं कोणी काही म्हटलं नव्हतं.

त्याईचा मोठा सण म्हणजे एक जानेवारी. सणाले त्या लोकाईत डब्यावर डबे भरतात, म्हणजे तीन दिवस चुलीले आराम. पहिल्याच वर्षी बाईनं ऑफिसातल्या लोकाईच्या घरोघरी डबे पाठवले. मीठ-साखर-सिरक्यातला गाजरमुळ्याचा कीस, गोड काळे घेवडे, रताळ्याचा पिवळा गोळा. बाई सजवायची, पण शिजवलं सारं मी. जीपवाला डबे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क दुलीचंदबाबूची बायको शांताबाई स्वतः येऊन बाईले सांगून गेली का घेवडे काय सुंदर झाले, आमच्या ह्याईनं दोनदा मागून खाल्ले. मी मोरीत भांडे घासत होती. काही बोलली नाई. काहून बोलू? आमी छप्पन साली नागपूरले जाऊन बौद्ध झालो, पण त्या लोकाईच्या हिशोबानं आमी जे होतो तेच राह्यलो. बाईले हे काहीच ठाव नव्हतं. सारे समजत होते का जपानी बाई हातानं रांधते. मंग दर सणाले डबे जात राह्यले, अन् मी तसंच समजू देलं.

अडुसष्टच्या डिसेंबरात साहेबाचं जायचं ठरलं. इकडं रेस्ट हाउसमधे कायमचा स्वयंपाकी नेमायचा हुकूम नागपूरच्या मोठ्या ऑफिसातून आला. एक दिवस आमी दोघी कांदा चिरत होतो तं बाई म्हणाली का ती जागा तुलेच भेटली पाहिजे, मी मॅनेजरले सांगते. माझ्या हातातली सुरी थांबली. ती जागा भेटली नाई तं मले पुन्हा गोट्यांच्या ढिगावर बसायचं होतं, अन् त्या गुडघ्यांनी मी एक पावसाळाबी काढला नसता. साधना सातवीत होती. मी बसली का तिची शाळा सुटली अन् माझ्या बाजूले हातोडी घेऊन ती बसली, हे मले लख्ख दिसत होतं.

पण जागा पाहिजे तं सांगाव लागते का दोन वर्षं कोणी रांधलं. अन् ते सांगतलं तं कोण खाते माझ्या हातचं? आठ दिवस मी ह्याच विचारात. भात खाली लागला, दोनदा बोलणं खाल्लं. बाई म्हणे, सणाच्या दिवशी साऱ्याइले जेवाले बोलावते अन् तिथंच सांगते, आमच्यात रांधणाराचं नाव साऱ्यादेखत घेतात. मी तिले पदर पसरून म्हटलं, सांगा, पण जेवण झाल्यावर सांगा. तिनं काहून विचारलं. मी म्हटलं, आमच्यात तसंच असते.

माझा हिशोब साधा होता. एकदा पोटात गेलं का काय करतील? दोन वर्षं खाल्लं, आजबी खाल्लं, बोटं चाटली, आता नाई म्हणाले तोंड कुठं राहील? मी मोठी अक्कलवान समजत होती स्वतःले.

एक जानेवारीले दुपारचं जेवण. मासळी मी येऊच देली नाई, अंडं नाई, कोंबडी नाई. रश्शाले नुसते वाळवलेले कुकुरमुत्ते, म्हणजे अळंबी, अन् समुद्राच्या पाल्याची पट्टी. कोणाच्या हातात सबब राहू नये म्हणून. पहाटेपासून वड्या पाडल्या, मुळ्याच्या चकत्या केल्या, गाजराचे फुलं कापले. कंबर धरून आलती, तरी बसली नाई.

चौघं आले. मॅनेजर घनश्यामसाहेब, स्टोरकीपर भैयालाल, अन् दुलीचंदबाबू शांताबाईले घेऊन. बाबू मूळचे भंडाऱ्याकडचे, घरात मराठी, अन् खाण हिंदी मुलखात म्हणून ऑफिसात हिंदी. माणूस वाईट नव्हता. महागू गेला तवा त्याईनंच धावपळ करून कागद पुरे केलते. हायाशीसाहेब टेबलाच्या टोकाशी बसला होता, अन् बाई हंडीतून लांब काड्यांनी एकेकाच्या वाटीत वाढत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून चिरलेल्या भाज्याईचे ताट पुढं सरकवत होती. बाहेर बोचरी हवा, आत शेगडी. साऱ्याइले घाम फुटला, नाकं वाहून राह्यले, तरी खाऊन राह्यले. मॅनेजरनं चारदा वाटी पुढं केली. भैयालाल म्हणे, हे पनीर नाई, याले काय म्हणतात? शांताबाई तं रस्सा वाटी तोंडाले लावून पिली. मी मोजत होती. कोण किती खाते ते मोजत होती, अन् प्रत्येक वाटीसंगं माझा जीव जरा जरा भांड्यात पडत होता.

हंडीत नुसता रस्सा राह्यला. बाईनं काड्या खाली ठेवल्या. मले वाटलं आता भात टाकते, वाढते, मंग बोलते. पण ती गुडघ्यावर सरळ बसली अन् पदर सावराव तसा आपला कपडा सारखा केला. तिच्या हिशोबानं भाज्या सरल्या म्हणजे जेवण झालं. शेवटचा भात तिच्या लेखी जेवण नाई, तो मान होता, अन् मान द्यायच्या आधी ज्याचा मान त्याचं नाव घ्याव लागते. हे मले कळाले पाहिजे होतं. दोन वर्षं तिच्या हाताखाली काढले, अन् नेमकं हेच मी धरलं नाई.

तिनं माझ्याकडूनच शिकलेल्या हिंदीत सांगतलं. आजचं जेवण, अन् दोन वर्षांचे सारे डबे, सारं शेवंता-साननं बनवलं. मी नुसती खाणारी. तुमच्या रेस्ट हाउससाठी हिच्यासारखी स्वयंपाकीण भेटणार नाई.

शेगडीत कोळसा तडतडला तेवढंच. शांताबाई माझ्याकडं पाहून राह्यली होती, तिनं मान खाली घातली. भैयालालनं तोंड पुसलं, एकदा, पुन्हा एकदा, मंग रुमाल हातातच ठेवला. मॅनेजरनं दुलीचंदबाबूकडं पाह्यलं, बाबूनं मॅनेजरकडं.

बाईले काही दिसलं नाई. ती खुशीत होती. तिनं भात रश्शात सोडला, झाकण ठेवलं, थोड्या वेळानं काढलं. असा वास सुटला का काय सांगू. तिनं मॅनेजरच्या वाटीले हात घातला तं त्यानं वाटीवर पंजा ठेवला. म्हणे, बस, पेट भर गया. ती दुलीचंदबाबूकडं वळली. त्याईनंबी वाटीवर हात ठेवला. भैयालालनं ठेवला. शांताबाईनं तं आधीच ठेवला होता, दोन्ही हात. चार वाट्या, चार पंजे. जागा गेली, हे मले तिथं उभ्या उभ्या समजलं.

अन् मी बाईकडं पाहते तं तिचे डोळे भरून आलते. तिनं टेबलाशी वाकून साऱ्याइले नमस्कार केला, कपाळ टेकेपर्यंत. म्हणे, आमच्या देशातबी असंच असते, शेवटचा मोलाचा घास कोणी घेत नाई, सारे एकमेकांसाठी ठेवतात. मले वाटलं होतं का तुमच्यात ही रीत नसन. तुमी सारा भात शेवंता-सानसाठी ठेवला.

मंग ती उठली, माझा हात धरला अन् मले टेबलाशी आणून बसवलं, मॅनेजरच्या समोर. हातात वाटी देली.

मी काय सांगू तिले? तिचा चेहरा पाहून मले बोलवलं नाई. दोन महिन्यात ती जाणार, जन्मभर हा दिवस घेऊन जाणार, तो मी काहून नासवू? अन् खरं सांगाव तं मले रागबी तेवढाच आलता. मी वाटी तोंडाले लावली. भात चांगला झालता. एवढं तं सांगतेच, तसा भात मी पुन्हा कधी खाल्ला नाई. एक वाटी संपली, बाईनं दुसरी भरली. दुसरी संपली, तिसरी. घरची मालकीण बसली आहे तोवर पाहुण्याइले उठता येत नव्हतं, म्हणून ते चौघं बसून राह्यले अन् मी खात राह्यली. हायाशीसाहेब तेवढा एकदा माझ्याकडं अन् एकदा त्या वाट्याइकडं पाहत होता. तो रोज खाणीवर माणसाईत फिरणारा. त्याले समजलं असन. पण त्यानंबी बायकोले काही सांगतलं नाई.

फेब्रुवारीत ते गेले. जायच्या आदल्या दिवशी बाईनं मले एक चिठ्ठी देली, साहेबानं इंग्रजीत टाइप केलेली. ही मॅनेजरले दे, म्हणाली. मॅनेजरनं वाचली नाई. म्हणे, हेडक्लार्कचा शेरा घेऊन ये, मंग पाहू. मी ऑफिसात गेली. दुलीचंदबाबू एकटेच बसले होते.

त्याईनं कागद वाचला, अन् वाचता वाचता त्याईचे ओठ थांबले. मी म्हटलं, बाबू, काय लिहिलं ते मलेबी सांगा, मले इंग्रजी येत नाई. ते सांगत नव्हते. मी हललीच नाई. शेवटी त्याईनं खाली मान घालून मराठीत सांगतलं. ही बाई स्वच्छ आहे, हुशार आहे, असं असं. अन् शेवटी लिहिलं होतं का नव्या वर्षाच्या जेवणात मॅनेजरसाहेब, हेडक्लार्क अन् साऱ्या पाहुण्याईनं आदर म्हणून शेवटचा भात तिच्यासाठी ठेवला, यावरून खाणीवर तिचा किती मान आहे ते दिसते.

पंखा बंद होता, तरी बाबू कागदावर हात दाबून बसले होते. मी म्हटलं, "बाबू, हे खोटं हाय. खोटं हाय तं तसा शेरा मारा. अन् भात काहून ठेवला तेबी लिहा."

बाबूनं टाकाचं टोक दौतीत बुडवलं, झटकलं, पुन्हा बुडवलं. 'खोटं हाय' असं लिहाव तं काहून खोटं तेबी लिहाव लागत होतं. शिवाशिवीच्या विरुद्ध सरकारचा कायदा होता, अन् कागदात मॅनेजरचं नाव होतं, कागद नागपूरले जाणार होता. मले दिसून राह्यलं होतं ते कशात अडकले ते. मले त्याईची कीवबी आली अन् तोंडावर थुंकाव असंबी वाटलं. उभं राहून माझे गुडघे ठणकत होते. बस म्हणून त्याईनं म्हटलं नाई.

मंग त्याईनं लिहिलं. हिंदीत, सुबक अक्षरात. सही केली, शिक्का मारला अन् कागद टेबलाच्या कडेवर सरकवला, मी उचलेन असा. साधनानं मले अक्षरं शिकवले होते. मी तिथंच उभी राहून एकेक अक्षर जुळवून वाचलं: 'उपरोक्त बात सत्य है। मैं स्वयं उपस्थित था।'

मी कागद हातात धरून त्याईच्याकडं पाहत राह्यली. मले ओरडायचं होतं. मले त्याईले विचारायचं होतं का दोनदा मागून खाल्लेले घेवडे कोणाचे होते.

"शेवंताबाई," ते म्हणाले. त्याईनं मले बाई म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. "नोकरी पाहिजे ना? मग आता काही बोलू नको."

मले नोकरी पाहिजे होती. मी कागदाची घडी केली अन् मॅनेजरच्या खोलीकडं गेली.